१९९८ची ती मॅच आजही तुमच्या फीडमध्ये का येते?

गेल्या महिन्यात ताईकडे जेवायला गेलो होतो. ताट पुढ्यात असतानाच भाच्याने फोन माझ्यासमोर धरला. "मामा, हे बघ. याला म्हणतात रेसलिंग. आत्ताचं सगळं फालतू."

दहा-बारा सेकंदांची रील. उंच जाळीच्या पिंजऱ्यावर उभी दोन माणसं. एक काळ्या कपड्यातला, लांब केसांचा. दुसऱ्याच्या तोंडावर चामड्याचा मुखवटा. पहिला दुसऱ्याला धरतो आणि थेट खाली भिरकावतो. खाली कॉमेंट्री करणाऱ्यांचं टेबल असतं, त्याचा चुराडा होतो. मागे उदास पियानो वाजतोय आणि वर अक्षरं, ‘ते दिवस पुन्हा येणार नाहीत’.

मॅच मी लगेच ओळखली. २८ जून १९९८, अमेरिकेतलं पिट्सबर्ग, ‘किंग ऑफ द रिंग’ हा कार्यक्रम, अंडरटेकर विरुद्ध मॅनकाइंड. भाच्याचा जन्म २००८चा. म्हणजे जे दिवस पुन्हा येणार नाहीत म्हणून तो हळहळत होता, ते त्याच्या वाट्याला एकदाही आलेले नव्हते.

हसण्यावारी नेलं असतं, पण तुमच्याही फीडमध्ये हे येत असणार. अंडरटेकरची एन्ट्री, काच फुटल्याचा आवाज झाल्यावर येणारा स्टोन कोल्ड, रॉकची भुवई, हल्क होगनने फाडलेला बनियन. कमेंटमध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘आमचं बालपण’. त्यातल्या निम्म्या लोकांचं बालपण तर पब्जीमध्ये गेलेलं असतं. मग ही आठवण त्यांच्याकडे आली कुठून? पाठवतं कोण? आणि पाठवताना वाटेत काय काय गळून पडतं? आज हेच जरा नीट बघू.

ते खरं होतं की खोटं?

हा प्रश्न आधी उरकून घेऊ, नाहीतर कमेंटमध्ये तोच सुरू होतो.

निकाल आधी ठरलेला असायचा. यासाठी मराठीत फार जुना आणि नेमका शब्द आहे: नुरा कुस्ती. अमेरिकेतल्या या धंद्यात हे गुपित सांभाळण्याला ‘केफेब’ म्हणतात. टीव्हीवर एकमेकांचे दुश्मन असलेले दोघे बाहेर एका गाडीतून फिरताना दिसायचे नाहीत, इतकी काळजी घेतली जायची. पण १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्यात डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीने स्वतःच सांगून टाकलं की हा खेळ नाही, मनोरंजन आहे. खेळ म्हटलं की सरकारी नियम आणि कर लागायचे, मनोरंजन म्हटलं की सुटका. म्हणजे आपल्या गल्लीत केबल यायच्या आधीच तिकडे कबुली देऊन झाली होती. आपल्यापर्यंत ती पोचायला पुढची दहा वर्षं गेली, आणि काही जणांपर्यंत अजून पोचलेली नाही.

पण निकाल ठरलेला असला म्हणून जमीन मऊ होत नाही. सोळा फुटांवरून पडणारा माणूस सोळा फुटांवरूनच पडतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या आजोबांनी कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या पाहिलेल्या. आमच्याकडे केबल आली तेव्हा ते एकदा आमच्याबरोबर डब्ल्यूडब्ल्यूएफ बघायला बसले. दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, "हे एकमेकांशी इतकं बोलतात, मग चितपट कधी करणार?" आम्ही म्हटलं, "आजोबा, भांडण असंच असतं यात." ते उठून गेले. आम्ही बघत राहिलो, कारण आम्हाला ते बोलणंच हवं होतं. खरं तर इंग्रजी कळतही नव्हतं. कोण चांगला, कोण वाईट हे लोकांच्या ओरडण्यावरून ठरवायचो.

आपल्याकडची आठवण वेगळीच आहे

अमेरिकेत हा सगळा प्रकार टीव्हीबरोबरच वाढला. १९८५ मध्ये पहिला रेसलमेनिया झाला, त्याच वर्षी एनबीसी वाहिनीवर ‘सॅटर्डे नाइट्स मेन इव्हेंट’ सुरू झाला. जानेवारी १९९३ मध्ये ‘रॉ’ आला. सप्टेंबर १९९५ मध्ये प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनीने नेमक्या सोमवारीच ‘नायट्रो’ सुरू केला आणि दोन कार्यक्रमांची अशी जुंपली की सलग ८३ आठवडे नायट्रोचं रेटिंग रॉपेक्षा वर होतं. आज ज्याला ‘अ‍ॅटिट्यूड एरा’ म्हणतात तो काळ याच झटापटीतून आला. प्रेक्षकाने चॅनेल बदलू नये म्हणून दर सोमवारी आधीपेक्षा काहीतरी जास्त भयंकर दाखवायचं. रीलमधली ती सोळा फुटांची फेक हवेतून पडलेली नाही. तिच्यामागे हे रेटिंगचं भांडण आहे.

आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं. आपल्याकडे हे आलं ते डिश अँटेना आणि केबलवाल्याच्या कृपेने, अर्धवट, आणि बऱ्याचदा शिळं. मधल्या जागा आपण आपल्या मनाने भरल्या. अंडरटेकर सात वेळा मेलाय आणि सात वेळा कबरीतून परत आलाय, हे आमच्या वर्गात सगळ्यांना माहीत होतं. कुणाचा तरी चुलतभाऊ मुंबईला असायचा, त्याने सांगितलेलं असायचं. ट्रम्प कार्डांवर उंची, वजन, छाती, दंड यांचे आकडे असायचे आणि मधल्या सुट्टीत त्यावर भांडणं व्हायची. १९९६ मध्ये अक्षयकुमारचा ‘खिलाडियों का खिलाडी’ आला आणि त्याने अंडरटेकरला उचलून आपटलं. तो अंडरटेकर नव्हताच. ब्रायन ली नावाचा पैलवान होता, आणि गंमत म्हणजे याच माणसाने १९९४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफमध्येही ‘नकली अंडरटेकर’ हीच भूमिका केली होती. आम्हाला हे कळायला इंटरनेट यावं लागलं. कळल्यावर थोडं वाईटही वाटलं.

त्याही आधीची गोष्ट सांगतो. २९ मे १९६८ रोजी मुंबईत दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. म्हणजे ती लढत इथे कुणी घरी बसून टीव्हीवर पाहिलेली नाही. जे तिथे हजर होते त्यांनी सांगितली, ऐकणाऱ्यांनी पुढे सांगितली, आणि सांगताना प्रत्येकाने दारासिंगची छाती दोन इंच वाढवली. अशी आठवण ज्याची त्याची असते. तिच्यावर कुणाचा कॉपीराइट लागत नाही. तुमच्या फोनवर येणाऱ्या आठवणीचं मात्र तसं नाही.

सगळ्या टेप एकाच कपाटात

मार्च २००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू बुडाली आणि डब्ल्यूडब्ल्यूएफने ती विकत घेतली. नाव, बोधचिन्हं, काही पैलवानांचे करार, आणि सोबत टेपांचा सगळा साठा. पुढे २००३ मध्ये ईसीडब्ल्यू या तिसऱ्या कंपनीचा साठाही तिथेच गेला. टेक्सास, मिनेसोटा अशा ठिकाणच्या जुन्या प्रादेशिक कंपन्यांचे साठेही एकेक करून आले. आज अमेरिकन टीव्ही रेसलिंगची विसाव्या शतकातली बहुतांश चित्रफीत एकाच कंपनीच्या मालकीची आहे. ती डब्ल्यूडब्ल्यूई, आणि सप्टेंबर २०२३ पासून तिच्यावर टीकेओ हा समूह, ज्यात यूएफसीसुद्धा येते.

याचा अर्थ नीट समजून घ्या. हरलेल्याची गोष्टही जिंकणाऱ्याकडेच आहे. डब्ल्यूसीडब्ल्यू कशी बुडाली यावरच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या डॉक्युमेंटरी तुम्ही पाहिल्या असतील. त्यात डब्ल्यूसीडब्ल्यूवाले नेहमी मूर्खच कसे दिसतात याचं उत्तर टेपांच्या मालकीत आहे.

जे वाचलं त्यातलं सगळंच कंपन्यांनी जपलं होतं असंही नाही. टेप महाग असायची, त्यामुळे छोट्या कंपन्या जुना कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवा भरायच्या. जगभरातले चाहते घरच्या व्हीसीआरवर रेकॉर्ड करून पोस्टाने एकमेकांना कॅसेटी पाठवायचे. कॉपीची कॉपी, तिची कॉपी. चौथ्या-पाचव्या वेळी पैलवान म्हणजे दोन हलणारे डाग उरायचे. तरी लोक बघायचे. काही जुन्या मॅच आज बघायला मिळतात त्या या वेड्या लोकांमुळे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने हे कपाट उघडलं. ‘डब्ल्यूडब्ल्यूई नेटवर्क’, अमेरिकेत महिना ९.९९ डॉलर. मग जानेवारी २०२४ मध्ये नेटफ्लिक्सबरोबर दहा वर्षांचा, पाच अब्ज डॉलरहून मोठा करार जाहीर झाला. ६ जानेवारी २०२५ला रॉ नेटफ्लिक्सवर गेला आणि १ एप्रिल २०२५ पासून भारतातही डब्ल्यूडब्ल्यूई सोनीकडून नेटफ्लिक्सकडे आलं. जुन्या कार्यक्रमांपैकी काही तिथे आहेत, सगळे नाहीत. शिवाय यूट्यूबवर कंपनीचं ‘व्हॉल्ट’ नावाचं वेगळं चॅनेल आहे, ज्यावर जुन्या पूर्ण मॅच फुकट टाकल्या जातात.

फुकट का? कारण त्या बनवायचा खर्च तीस वर्षांपूर्वीच होऊन गेलाय. नवीन मॅचला पैलवान, विमानं, हॉल, विमा लागतो. जुन्या मॅचला एक संपादक आणि एक थंबनेल पुरतं.

मग ती रील कुणी टाकली?

भाच्याला आलेली रील कंपनीच्या खात्यावरून आलेली नव्हती. कुठल्यातरी ‘ओल्ड इज गोल्ड’ छाप पेजची होती. यूट्यूबवर ‘कंटेंट आयडी’ नावाची यंत्रणा आहे. हक्कदार कंपनी आपला मूळ व्हिडिओ तिला देते, यंत्रणा त्या व्हिडिओचा आणि आवाजाचा एक प्रकारचा बोटाचा ठसा तयार करते, आणि नवा येणारा प्रत्येक व्हिडिओ त्या ठशाशी ताडून बघते. जुळला तर कंपनीसमोर तीन रस्ते असतात: व्हिडिओ बंद करा, चालू देऊन जाहिरातीचे पैसे स्वतः घ्या, किंवा नुसतं किती लोक बघतात ते मोजा. इतर ॲपवरही अशाच धर्तीच्या यंत्रणा आहेत.

या यंत्रणेला चकवायला पेजवाले काय करतात ते तुम्ही पाहिलंय, फक्त लक्ष गेलं नसेल. चित्र आरशासारखं उलटं करतात. म्हणून कधीकधी टी-शर्टवरची अक्षरं उलटी दिसतात. वेग थोडा वाढवतात, बाजूला रंगीत चौकट लावतात, मूळ आवाज काढून पियानो टाकतात. तो उदास पियानो भावनेपोटी आहे असं वाटतं ना? बऱ्याचदा तो फक्त मूळ कॉमेंट्रीचा ठसा पुसायला असतो.

आणि तुमच्यापर्यंत ती पोचते कशी, तर तुम्ही किती वेळ थांबलात, पुन्हा पाहिलंत का, कुणाला पाठवलंत, यावरून. जुनं रेसलिंग या तराजूसाठी जणू मापून शिवलेलं आहे. मोठ्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळावं म्हणून तिथली प्रत्येक हालचाल, प्रत्येक चेहरा मोठा केलेला असायचा. सूर वाजला की दोन सेकंदांत कोण येतंय ते कळतं. आवाज बंद ठेवला तरी समजतं. भाषा लागत नाही. क्रिकेटचा एक चेंडू समजायला आधीचा स्कोअर लागतो. इथे एक माणूस दुसऱ्याला पिंजऱ्यावरून फेकतो, यात समजण्यासारखं उरलंय काय?

त्यामुळे होतं असं, की हजारो तासांच्या साठ्यातून तीच ती वीस-पंचवीस दृश्यं फिरत राहतात. जे जास्त पाहिलं जातं तेच जास्त दाखवलं जातं. अठरा वर्षांच्या मुलाला वाटतं की १९९८ मध्ये दर सोमवारी असंच काहीतरी घडायचं. आम्ही तेव्हा जे पाहिलं त्यातलं बरंचसं कंटाळवाणं होतं, बरं का. दोन जाडे लोक एकमेकांचं डोकं काखेत धरून पाच-पाच मिनिटं पडलेले असायचे. ती रील कुणीच करत नाही.

कापताना काय गेलं

थोडं गणित करू. जुना टीव्ही चार बाय तीनचा, म्हणजे रुंदी चार भाग आणि उंची तीन भाग. तुमचा उभा फोन नऊ बाय सोळाचा. जुन्या चित्राची उंची पूर्ण ठेवून ते उभ्या चौकटीत बसवलं, तर मूळ रुंदीतली फक्त ४२ टक्के उरते. निम्म्याहून जास्त चित्र बाहेर. आणि बाहेर जातं ते काय? दुसरा पैलवान, रेफरी, आणि लोक. ज्या लोकांच्या ओरडण्यावरून आम्ही चांगला-वाईट ओळखायचो, तेच.

वर ‘फोर के’ असं लिहिलेलं असेल तर आणखी सावध राहा. अमेरिकन टीव्हीच्या चित्रात डोळ्याला दिसणाऱ्या रेषा सुमारे ४८० होत्या, आणि चित्र सेकंदाला साठ वेळा अर्धं-अर्धं यायचं. आधी एका आड एक रेषा, मग उरलेल्या. फोर केमध्ये २१६० रेषा लागतात. टेपवर जे नाहीच ते एआय अंदाजाने भरतं. म्हणून अशा क्लिपमध्ये पुढचा पैलवान घोटीव दिसतो आणि मागच्या प्रेक्षकांचे चेहरे मेणाचे वाटतात. ते चेहरे कुणाचेच नाहीत. आता तर न झालेल्या मॅचही एआयने बनवलेल्या येतात. एखादी ‘कधीच न पाहिलेली’ क्लिप दिसली तर आधी तारीख आणि कार्यक्रमाचं नाव शोधा. खऱ्या मॅचला ते असतंच.

पण कात्री फक्त पेजवाल्यांकडे नाही, कंपनीकडेही आहे. तिचं नाव आधी डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या, पांडाचं चिन्ह असलेल्या संस्थेचंही आद्याक्षर तेच. ब्रिटनमधल्या कोर्टात कंपनी हरली आणि मे २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई झाली. त्यानंतर २०१२ मध्ये दोघांत तडजोड होईपर्यंत जुन्या चित्रफितींतलं ते चिन्ह धूसर केलं जायचं आणि कॉमेंट्रीतला ‘एफ’ कापला जायचा. ईसीडब्ल्यूमधला सँडमन मेटालिकाच्या गाण्यावर रिंगमध्ये यायचा. गाण्याचे हक्क नाहीत म्हणून नेटवर्कवर तिथे भलतंच संगीत आलं. अख्खा हॉल एका सुरात जे गातोय, ते गाणंच नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत हा साठा पीकॉक या ॲपवर गेला तेव्हा वर्णद्वेषी प्रसंग कापले गेले. रेसलमेनिया ६ मध्ये रॉडी पायपर अर्धं अंग काळं रंगवून कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्यासमोर आला होता, तो त्यातलाच एक. कापावं की ठेवावं यावर वाद होऊ शकतो. माझं मत विचाराल तर ठेवावं आणि आधी दोन ओळींची सूचना द्यावी. कापल्याने एवढंच होतं की ‘तेव्हा सगळं किती साधं-सरळ होतं’ म्हणायला लोक मोकळे होतात.

आणि काही गोष्टी तर तेव्हाच फुगवलेल्या. रेसलमेनिया ३ला, मार्च १९८७ मध्ये, ९३,१७३ प्रेक्षक होते असं कंपनी सांगते. या धंद्यावर वर्षानुवर्षं लिहिणारे पत्रकार डेव्ह मेल्ट्झर यांच्या मते आकडा ७८ हजारांच्या आसपास होता. आमच्या ट्रम्प कार्डांचे आकडे कुठून आले असतील याची कल्पना करा.

आठवण विकायला काढली की

हे सगळं आता धंद्याच्या मध्यभागी आलंय. डिसेंबर २०२४ मध्ये ‘सॅटर्डे नाइट्स मेन इव्हेंट’ पुन्हा सुरू केला तो जुन्याच चिन्हासह, जुन्या धाटणीच्या सजावटीत, कॉमेंट्रीला ऐंशीच्या दशकातले जेसी व्हेंचुरा बसवून. जुलै २०२५ मध्ये गोल्डबर्गची शेवटची मॅच. अख्खं २०२५ जॉन सीनाचा निरोप समारंभ. १३ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये गुंथरने त्याला हार मानायला लावली आणि संपलं. जुलैच्या अखेरीस नेटफ्लिक्सवर ‘अनरियल’ नावाची मालिका आली, ज्यात पडद्यामागे मॅच कशा लिहिल्या जातात तेच दाखवलंय. म्हणजे एकेकाळी जी नुरा कुस्ती लपवायला एवढा आटापिटा होता, तीच आता वेगळा माल म्हणून विकली जाते.

पण एकदा हा हिशोब सपशेल चुकला. ६ जानेवारी २०२५, नेटफ्लिक्सवरचा पहिला रॉ, लॉस एंजेलिसजवळचा हॉल. एवढ्या मोठ्या दिवशी हल्क होगनला आणलं. तीच धून. आणि लोकांनी हुर्यो उडवली. २०१५ मध्ये त्याचं वर्णद्वेषी बोलण्याचं रेकॉर्डिंग बाहेर आलं होतं आणि कंपनीने त्याला काढलं होतं. २०१८ मध्ये परत घेतलं. अलीकडे तो राजकारणाच्या व्यासपीठांवरही दिसत होता. हॉलमधल्या लोकांना यातलं सगळं आठवत होतं. पुढे २४ जुलैला तो गेला, ७१ वर्षांचा होऊन, आणि दुसऱ्या दिवसापासून फीडमध्ये पुन्हा फक्त १९८७चा होगन, आंद्रे द जायंटला उचलणारा. हॉलमधली हुर्यो रीलमध्ये येत नाही.

ख्रिस बेन्वाचं उदाहरण याहून जड आहे. जून २००७ मध्ये त्याने पत्नी आणि सात वर्षांच्या मुलाला मारलं आणि मग स्वतःचा जीव घेतला. त्याच्या मेंदूची नंतर तपासणी झाली, त्यात डोक्याला वारंवार बसलेल्या माराच्या गंभीर खुणा डॉक्टरांना दिसल्या. तेवढ्याने त्याने केलेल्या कृत्याचा उलगडा होतो असं नाही. कंपनीने त्याचं नाव घेणंच बंद केलं. २०१० मध्ये डोक्यात खुर्ची मारण्यावर बंदी आली. अ‍ॅटिट्यूड एराच्या ज्या रील तुम्ही पाहता, त्यात डोक्यात बसणारी प्रत्येक खुर्ची त्या बंदीच्या आधीची आहे. मे १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत ओवेन हार्टला छतावरून दोरीने खाली सोडताना हूक सुटला आणि तो रिंगमध्ये पडून गेला. कार्यक्रम तरीही पुढे चालू ठेवला. अमेरिकेत त्या रात्री थेट प्रक्षेपण बघणाऱ्यांना तो पडताना दिसला नाही, कारण नेमकं तेव्हा आधी रेकॉर्ड केलेली फीत दाखवली जात होती. जे टीव्हीवर आलंच नाही, त्याची रील कशी होणार?

पूर्ण मॅच

त्या रात्री जेवण झाल्यावर मी भाच्याला म्हटलं, चल, आज पूर्ण बघू. टीव्हीला फोन जोडला. ताई म्हणाली, "तू लहानपणीही हेच करायचास," आणि आत निघून गेली.

भाच्याला पहिला धक्का बसला तो हा, की ती प्रसिद्ध फेक मॅचच्या शेवटी नाही, अगदी सुरुवातीला आहे. दोघे पिंजऱ्यावर चढतात, थोडी हाणामारी, आणि लगेच फेक. त्याला वाटलं होतं संपलं. स्ट्रेचर आलं, माणसं धावली, पिंजरा वर उचलला. आणि मॅनकाइंड, म्हणजे मिक फोली, स्ट्रेचरवरून उठला आणि पुन्हा वर चढायला लागला. भाचा काही बोलेना.

वर अंडरटेकरने त्याला पुन्हा उचलून आपटलं, आणि पिंजऱ्याच्या छताची जाळी तुटली. पहिली फेक ठरवलेली होती. ही नव्हती. फोली सरळ रिंगमध्ये कोसळला, वरून खुर्चीही त्याच्यावर पडली. तो बेशुद्ध झाला होता. त्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून टेरी फंक हा जुना पैलवान मधे घुसून मार खाऊ लागला. अंडरटेकरचाही पाय त्या वेळी दुखावलेला होता. थोड्या वेळाने फोलीच्या तोंडावर कॅमेरा गेला तेव्हा त्याचा दात निघून नाकाच्या बाजूला अडकलेला दिसला आणि तो हसत होता. मग ड्रॉइंगच्या टाचण्या आल्या, पिशवीभर, रिंगमध्ये ओतलेल्या. त्यावर तोच पडला. शेवटी तोच हरला.

पुढे फोलीने आत्मचरित्र लिहायला घेतलं तेव्हा त्याला या मॅचमधलं फारसं काही आठवतच नव्हतं. लिहिण्यासाठी त्याला मॅचची टेप लावून बघावी लागली.

हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे त्यानेपण व्हिडिओच बघितला?" मी हो म्हटलं. तो थोडा वेळ फोनशी खेळत राहिला, मग झोपायला गेला.

सकाळी मी बसमध्ये असताना त्याचा मेसेज आला. रील नव्हती. एकच ओळ होती, "मामा, त्या टाचण्या खऱ्या होत्या का?"

मी लिहिलं, "हो."